रवी नाईक यांची पक्षांतरे आणि पक्षांतरबंदी कायदा: एक सविस्तर उत्तर

विधीच्या एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आहे. गोव्याचे माजी मुख्यमंत्री रवी नाईक महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षातून काँग्रेसमध्ये, तिथून भाजपमध्ये, परत काँग्रेसमध्ये आणि शेवटी पुन्हा भाजपमध्ये गेले. पक्ष सोडणाऱ्या आमदाराला अपात्र ठरवणारा पक्षांतरबंदी कायदा देशात १९८५ पासून असताना हे कसे जमले? आणि एवढी पक्षांतरे केलेल्या माणसाच्या नावाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्यांना अपात्र ठरवण्यासाठी कसा वापरला जातो? आमदारांच्या अपात्रतेची प्रकरणे दोन्ही बाजूंनी चालवण्यात माझ्या वकिलीचा बराच काळ गेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने उत्तर देतो.

या प्रश्नावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे असते की कायदा कुचकामी आहे आणि राजकारणी निर्लज्ज आहेत. माझे मत वेगळे आहे. पक्षांतरबंदी कायद्याने पक्षांतर कधीच थांबवले नाही, पण ते कोणत्या वेळी, किती जणांनी मिळून आणि कोणत्या कागदावर करायचे, हे मात्र त्याने ठरवून दिले. नाईक यांच्या कारकिर्दीतली प्रत्येक उडी त्या त्या काळातल्या तरतुदींसमोर ठेवून पाहिली की हे उलगडत जाते.

आधी माणूस आणि मतदारसंघ. नाईक फोंड्याचे, भंडारी समाजातले, आणि १९८४ मध्ये मगो पक्षाच्या सिंह या निशाणीवर फोंड्यातून पहिल्यांदा विधानसभेत गेले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी बहुजन समाज, कुळे आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे) यांच्या जोरावर उभा केलेला हा पक्ष होता आणि फोंडा तालुका हा त्याचा गाभा. पक्ष फुटून सरकार पडण्याची सवय गोव्याला त्याआधीच लागलेली होती, कारण शशिकला काकोडकर यांचे मगो सरकार १९७९ मध्ये स्वपक्षातल्याच आमदारांनी पाडले होते. १९८७ मध्ये गोवा घटकराज्य झाले आणि विधानसभेच्या जागा तीसवरून चाळीस झाल्या. आजही इथला मतदारसंघ तीस हजारांच्या आसपास मतदारांचा असतो, महाराष्ट्रातल्या आमदाराला तो एखाद्या नगरपालिकेएवढा वाटेल. एवढ्या लहान मतदारसंघात आमदार बहुतेक घरांना नावानिशी ओळखतो, लग्नाला आणि मयताला जातो, कुळाच्या अर्जापासून सरकारी नोकरीपर्यंतच्या कामाला उपयोगी पडतो. फोंड्यात लोक नाईक यांना ‘पात्रांव’, म्हणजे मालक, म्हणत. पात्रांव कोणत्या पक्षात आहेत हा प्रश्न त्यांच्या दारात कामासाठी उभ्या असलेल्या माणसाला फारसा महत्त्वाचा नसे. पक्षांतराचे राजकीय अर्थशास्त्र इथून सुरू होते; कायदा फार नंतर येतो.

आता १९८९ ते १९९४ हा काळ. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

नोव्हेंबर १९८९ च्या निवडणुकीत चाळीसपैकी काँग्रेसला वीस, मगोला अठरा आणि अपक्षांना दोन जागा मिळाल्या. नाईक या वेळी मडकईतून निवडून आले. प्रतापसिंह राणे यांचे काँग्रेस सरकार आले आणि मार्च १९९० मध्ये काँग्रेसमधले सात आमदार बाहेर पडल्याने ते गेले. या सातांच्या गोवन पीपल्स पार्टीने मगोशी हातमिळवणी केली. आधी चर्चिल आलेमाव अठरा दिवस मुख्यमंत्री झाले, मग लुईस प्रोतो बार्बोझा, जे त्याआधी सभागृहाचे सभापती होते. डिसेंबरच्या सुरुवातीला मगोने बार्बोझांचा पाठिंबा काढून घेतला. मगोला रमाकांत खलप यांना मुख्यमंत्री करायचे होते आणि बार्बोझांना आपली खुर्ची टिकवायची होती. दोघांनाही आमदार कमी पडत होते.

त्या गडबडीत मगोचे दोन आमदार, संजय बांदेकर आणि रत्नाकर चोपडेकर, बार्बोझांबरोबर राज्यपालांकडे गेले आणि त्यांच्या उपस्थितीत बहुमताचा दावा केला गेला. त्यांनी मगोचा राजीनामा दिलेला नव्हता, पक्षानेही त्यांना काढलेले नव्हते आणि पक्षादेश मोडून मतदान करण्याचा प्रसंग आलेला नव्हता, कारण मतदानच झाले नव्हते. तरीही सभापती सुरेंद्र सिरसाट यांनी, जे स्वतः मगोचेच होते, दोन दिवसांत खुलासा मागवून १३ डिसेंबर १९९० रोजी दोघांना अपात्र ठरवले. दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. राज्यात त्याच सुमारास राष्ट्रपती राजवट आली.

नाईक यांची हालचाल यानंतरची आहे. २४ डिसेंबर रोजी मगोमध्ये फूट पडली असून आपल्यासह आठ आमदारांचा गट वेगळा झाला आहे, असे त्यांनी सांगितले. पक्षांतरबंदी कायदा म्हणजे राज्यघटनेची दहावी अनुसूची, आणि त्या वेळी तिच्यात तिसरा परिच्छेद अस्तित्वात होता. मूळ पक्षात फूट पडली आणि विधिमंडळ पक्षाचा किमान एकतृतीयांश हिस्सा वेगळ्या गटात गेला, तर त्या गटातल्या कोणालाही अपात्रता लागत नसे. अठराचा तिसरा हिस्सा सहा होतो आणि नाईक यांच्याकडे आठ होते. काँग्रेसच्या साथीने २५ जानेवारी १९९१ रोजी ते मुख्यमंत्री झाले. भंडारी समाजातून त्या पदावर पोहोचलेले ते एकटेच, आणि या समाजाच्या राजकारणात त्यांचे जे वजन पुढची तीन दशके राहिले ते इथून आले.

पण सभापती अजून सिरसाटच होते. १५ फेब्रुवारी १९९१ रोजी त्यांनी मुख्यमंत्र्यांनाच अपात्र ठरवले. बांदेकर आणि चोपडेकर हे आधीच अपात्र असल्यामुळे फुटीच्या हिशेबात त्यांना धरता येत नाही, हे त्यांचे एक कारण होते. उच्च न्यायालयाची स्थगिती त्यांनी जमेस धरली नाही. मार्चच्या सुरुवातीला सिरसाट यांनाच पदावरून दूर करण्यात आले आणि हंगामी सभापतींनी तिन्ही अपात्रतांचे पुनर्विलोकन करून त्या रद्द केल्या. एका सभापतीने दिलेला निर्णय दुसऱ्याने पाच मिनिटांत पुसावा, ही कल्पना ऐकायला सोयीची असली तरी कायद्यात बसत नव्हती. मगोचे काशिनाथ जल्मी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने उशीर झाला म्हणून याचिका फेटाळली. मार्च १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की दहाव्या अनुसूचीखाली दिलेल्या निर्णयाचे पुनर्विलोकन करण्याचा अधिकार सभापतीला नाही, आणि प्रकरण गुणवत्तेवर ऐकायला परत पाठवले. हा जल्मी निकालही आमच्या धंद्यात रोजच्या वापरातला आहे, फक्त त्याला रवी नाईक निकालाएवढी प्रसिद्धी नाही. मे १९९३ मध्ये उच्च न्यायालयाने अपात्रता कायम केली, नाईक यांची खुर्ची गेली आणि विल्फ्रेड डिसोझा मुख्यमंत्री झाले.

९ फेब्रुवारी १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. प्रकरणाचे नाव ‘रवी एस. नाईक विरुद्ध भारत सरकार’, पण एकाच निकालात दोन वेगवेगळ्या गोष्टी ठरल्या, आणि तुमचा गोंधळ होतो तो इथे.

पहिली गोष्ट नाईक यांच्या बाजूने लागली. उच्च न्यायालयाची स्थगिती असताना बांदेकर आणि चोपडेकर यांना अपात्र समजून गणतीतून वगळणे चूक होते, सभापतीवरही न्यायालयाचा आदेश बंधनकारक असतो, आणि फुटीचा दावा करणाऱ्या गटाची संख्या एकतृतीयांश भरत असेल तर मूळ पक्षात ती फूट किती खोल गेली याचा शोध सभापतीने घ्यायचा नसतो, असे न्यायालयाने म्हटले. नाईक यांची अपात्रता रद्द झाली.

दुसरी गोष्ट बांदेकर आणि चोपडेकर यांच्या विरोधात गेली. त्यांचे म्हणणे साधे होते, आम्ही राजीनामा दिला नाही, मग आम्ही पक्ष सोडला कसा? न्यायालयाने उत्तर दिले की ‘स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे’ याचा अर्थ राजीनामा देण्यापेक्षा व्यापक आहे, आणि औपचारिक राजीनामा नसला तरी सदस्याच्या वर्तनावरून त्याने पक्ष सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो. विरोधी गटाच्या नेत्याबरोबर राज्यपालांकडे जाणे हे तसे वर्तन होते. खुलाशाला नियमातले सात दिवस न देता दोनच दिवस दिले, ही तक्रारही चालली नाही. ते नियम कार्यपद्धतीचे आहेत आणि त्यातली प्रत्येक त्रुटी निर्णय उलथवत नाही, असे न्यायालय म्हणाले.

म्हणजे आज अपात्रतेच्या याचिकेत जे वाक्य हमखास उद्धृत होते, ते नाईक यांच्याविषयी नाहीच. ते त्यांच्याबरोबरच्या दोन आमदारांविषयी आहे. निकालाला नाव पहिल्या अपीलकर्त्याचे मिळाले, एवढेच. नाईक स्वतः त्या निकालात जिंकले आणि त्यांच्याच नावाने पुढे कित्येक जण हरले.

या वाक्याचे व्यवहारात काय झाले ते सांगतो. याचिका तयार करताना आम्ही आता राजीनाम्याचे पत्र शोधत बसत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या विमानाने, कोणत्या हॉटेलात, कोणाच्या शेजारी बसून छायाचित्र निघाले, कोणत्या वृत्तवाहिनीला काय बोलले, हे सगळे तारखेनुसार लावतो. चित्रफीत पेन ड्राइव्हवर, तिच्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र, वर्तमानपत्रांची कात्रणे वेगळ्या परिशिष्टात, आणि प्रत्येक कात्रणामागे ‘हे वर्तन स्वेच्छेने सदस्यत्व सोडण्यात मोडते’ असे विधान. दुसऱ्या बाजूने उभे राहिलो की अशिलाला पहिल्याच भेटीत सांगावे लागते की पत्र देऊ नका म्हणजे वाचाल, ही समजूत १९९४ पासून चुकीची आहे. बहुतेकांना ते पटत नाही. २०१७ मध्ये राज्यसभेतून शरद यादव अपात्र ठरले, तेही विरोधकांच्या मेळाव्याला हजर राहण्याच्या वर्तनावरूनच.

निकालानंतर दोन महिन्यांनी एक विचित्र प्रकार घडला. २ एप्रिल १९९४ रोजी राज्यपाल भानुप्रकाश सिंह यांनी डिसोझा सरकार बरखास्त करून नाईक यांना पुन्हा शपथ दिली. केंद्रातल्या काँग्रेस सरकारला हे रुचले नाही, राज्यपालांना जावे लागले आणि ८ एप्रिलला नाईकही पायउतार झाले. सहा दिवसांचे मुख्यमंत्रिपद. गोव्यात त्याची आजही थट्टा होते, पण थट्टा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तोवर नाईक यांचे सदस्यत्व न्यायालयाने शाबूत ठेवलेले होते. तो वाद राज्यपालांच्या अधिकाराचा होता, पक्षांतराचा नव्हता.

पुढचा प्रवास मी भराभर सांगतो. १९९८ मध्ये ते काँग्रेसच्या तिकिटावर पणजी मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९९९ मध्ये फोंड्यातून विधानसभेत परतले. २००० च्या ऑक्टोबरमध्ये मनोहर पर्रीकर यांचे सरकार आले तेव्हा नाईक भाजपमध्ये जाऊन उपमुख्यमंत्री झाले. एकतृतीयांशाच्या फुटीची तरतूद तेव्हाही जिवंत होती आणि त्या विधानसभेत काँग्रेसची शकले एकापेक्षा जास्त वेळा उडाली. २००२ च्या निवडणुकीत ते पुन्हा काँग्रेसचे उमेदवार होते आणि जिंकले. २००७ मध्ये परत जिंकले, दिगंबर कामत यांच्या सरकारात गृहमंत्री झाले. २०१२ मध्ये मगोच्या लवू मामलेदारांनी त्यांना फोंड्यात पाडले. २०१७ मध्ये काँग्रेसकडून पुन्हा आले.

या मधल्या काळात कायदा बदलला होता. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने फुटीचा तिसरा परिच्छेद काढून टाकला आणि मंत्रिमंडळाचा आकारही बांधला. पंधरा टक्क्यांची कमाल मर्यादा, पण लहान राज्यांसाठी किमान बारा, म्हणून गोव्यात मुख्यमंत्र्यांसह बारा. फुटीरांना मंत्रिपदे वाटण्याची सोय तेवढीच उरली. राहिला चौथा परिच्छेद, दोनतृतीयांश आमदार मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर अपात्रतेतून सूट देणारा. फुटीचा बाजार बंद झाला तसा विलीनीकरणाचा भाव वधारला. मार्च २०१९ मध्ये मगोच्या तीन आमदारांपैकी दोघे भाजपमध्ये विलीन झाले, कारण तीनाचे दोनतृतीयांश दोन होतात. त्याच वर्षी जुलैमध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा जण गेले, आणि पंधराचे दोनतृतीयांश बरोबर दहा. इतका नेमका आकडा योगायोगाने जुळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते विलीनीकरण ग्राह्य धरले. मूळ पक्षाने विलीन होण्याचा ठराव केलेला नसताना केवळ आमदारांनी पक्ष विलीन झाल्याचे म्हणावे, हे माझ्या मते चौथ्या परिच्छेदाच्या शब्दांशी सुसंगत नाही.

आता एक गोष्ट सांगतो जी पक्षबदलूंच्या याद्या करणारे सहसा सांगत नाहीत. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसमध्ये जे पाच आमदार उरले, त्यांत रवी नाईक होते. दहा जण गेले तेव्हा ते गेले नाहीत. त्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये, विधानसभेची मुदत संपत आलेली असताना, आमदारकीचा राजीनामा दिला आणि मग भाजपमध्ये प्रवेश केला. राजीनामा दिलेल्या माणसाला अपात्र ठरवण्यात फारसा अर्थ उरत नाही, त्यातही निवडणूक दोन-तीन महिन्यांवर असताना. १९९० मध्ये गटाने फूट, २००२ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर बदल, २०२१ मध्ये मुदत संपताना राजीनामा. कायद्याने ज्या ज्या वेळी जी फट ठेवली होती, तिच्यातूनच ते गेले. आणि वर्षांचा हिशेब केला तर १९९१ नंतरच्या तीन दशकांतला बहुतेक काळ त्यांनी काँग्रेसमध्येच काढला. त्यांची पक्षांतरे मोजणे सोपे आहे, पण एका पक्षात किती काळ राहिले हे मोजले तर चित्र पुष्कळ वेगळे दिसते. याचा अर्थ मी त्यांची बाजू घेतो आहे असा नाही. दर वेळी नव्या पक्षात सत्ता किंवा सत्तेची शक्यता होती, आणि कोणत्याही वेळी विचारांचा मतभेद हे ठळक कारण मला दिसले नाही.

मतदारांनी काय केले? मार्च २०२२ च्या निवडणुकीत २०१९ च्या त्या दहांपैकी फक्त तिघे निवडून आले. गोव्याच्या मतदाराला पक्षांतराची फिकीर नसते, हे विधान त्या निकालाने खोटे पाडले. फोंड्यात मात्र नाईक भाजपच्या कमळावर जिंकले, मगोच्या केतन भाटीकरांपेक्षा ७७ मते जास्त मिळवून. हा आकडा दोन्ही बाजूंना वापरता येतो. पात्रांवांची जुनी माणसे सोबत राहिली म्हणून ते जिंकले असेही म्हणता येते, आणि पक्ष बदलला म्हणून जुने मताधिक्य राहिले नाही असेही. मला दोन्ही खरे वाटते. मगोचा मतदार एकेकाळी ज्यांच्यामागे उभा होता, त्यांच्याच विरोधात मगोचा उमेदवार अवघ्या ७७ मतांनी मागे राहतो, याला फोंड्यातल्या राजकारणात १९९० ची आठवण कारणीभूत नसेल असे मानणे कठीण आहे. त्यानंतर ते प्रमोद सावंत यांच्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक जोड. जून २०२२ मध्ये शिवसेनेत जे झाले, त्यानंतरच्या याचिकांमध्येही वर्तनावरून सदस्यत्व सोडल्याचा १९९४ चा निकष मांडला गेला, आणि ११ मे २०२३ च्या निकालात घटनापीठाने स्पष्ट केले की तिसरा परिच्छेद गेल्यानंतर ‘आमच्यात फूट पडली आहे’ हा बचाव अपात्रतेला उत्तर होऊ शकत नाही. तरी जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी दोन्ही गटांतल्या कोणालाच अपात्र ठरवले नाही. पणजीत १९९० मध्ये सभापती घाईने अपात्र ठरवत होते, मुंबईत निर्णयाला दीड वर्ष लागले आणि हाती काही आले नाही. दोन्ही ठिकाणी निवाडा करणारा माणूस एका पक्षाचा होता, हा सहाव्या परिच्छेदातला दोष आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सभापतीला न्यायाधिकरण म्हणून मान्य केले तेव्हाच अल्पमतातल्या न्यायमूर्तींनी त्यावर बोट ठेवले होते.

तुम्ही हा विषय प्रबंधासाठी घेत असाल तर एक सूचना. ‘रवी नाईक’ निकाल वाचताना त्याच्याबरोबर जल्मी निकालही वाचा, आणि तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा: १३, १४ आणि २४ डिसेंबर १९९०, २५ जानेवारी आणि १५ फेब्रुवारी १९९१. स्थगिती कोणत्या दिवशी आली आणि फूट कोणत्या दिवशी जाहीर झाली, हा क्रम उलटा असता तर नाईक यांची बाजू कितपत टिकली असती, हा प्रश्न परीक्षक तुम्हाला नक्की विचारतील.